एकेचाळीस नंबरचा बिल्ला

सोमवार, ४ नोव्हेंबर

आपला बिल्ला आपणच लावायचा आणि आपणच काढायचा. मी बावीस वर्षांची असताना, बाबा जिथे कामाला होते त्या पॉवरहाउसमधल्या माझ्या पहिल्या दिवशी, बाबांनी मला हे वाक्य सांगितलं होतं. पुन्हा सांगावं लागू नये अशा आवाजात सांगितलं होतं. आज आणखी बावीस वर्षांनी तेच वाक्य एका परक्या माणसाच्या तोंडून शब्दाला शब्द ऐकलं आणि मला चक्क हसू आलं.

सकाळच्या बसने आले. दोन बॅगा आणि शिवणाचा पत्र्याचा डबा, एवढाच संसार. बाबांचं पॉवरहाउस वेगळं; हे बंद पडून तीस वर्षं झाली, आता त्याचं संग्रहालय केलंय आणि मी त्याची व्यवस्थापक. पद भारदस्त आहे. काम म्हणजे वही सांभाळणं, पावत्या फाडणं, शाळांच्या सहली आल्या की पोरांना रेलिंगवरून लोंबकळू न देणं. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात आयुष्य गेल्यावर हेही जमेल.

पण खरं सांगायचं तर मी आले ते इंजिनासाठी. हॉलच्या मधोमध उभं आहे. सात सिलिंडर, दोन स्ट्रोक, तीन मजले उंच. खालच्या जाळीवर उभं राहिलं की समोर त्याच्या पोटाची सात झाकणं, प्रत्येक झाकण माणूस वाकून आत जाईल एवढं. वरच्या जाळीवर गेलं की सात डोकी, स्वयंपाकघरातल्या फळीवर एकाच मापाचे डबे लावावेत तशी. हिरवा रंग उडालाय, पितळ मात्र कोणीतरी रोज पुसतं. मी हात ठेवला. गार होतं. तरी तळहाताखाली काहीतरी आहे असं वाटलं, झोपलेल्या मोठ्या जनावरावर हात ठेवल्यासारखं.

पितळ पुसणारे गृहस्थ लगेच भेटले. सत्तरीचे आहेत, याच इंजिनावर फोरमन होते, आणि सगळे त्यांना अजून फोरमनच म्हणतात. त्यांनी माझ्या हातात चहा दिला आणि मग बिल्ल्यांची फळी दाखवली. पितळी गोल बिल्ले, प्रत्येकावर नंबर. इंजिनाच्या पोटात शिरणाऱ्याने आपला बिल्ला फ्लायव्हीलच्या मोठ्या चाकाशेजारच्या लोखंडी आकड्याला अडकवायचा. आकड्यावर एक जरी बिल्ला असला तरी इंजिनाला कोणी हात लावायचा नाही. बाहेर आलं की ज्याचा त्यानेच काढायचा. आणि मग ते वाक्य. मी म्हटलं, माझे वडीलही हेच सांगायचे. ते म्हणाले, मग तुम्ही घरच्याच, बाई. फोरमन धरून इंजिनवेडे अकरा जण आहेत, मी बारावी. माझा बारा नंबरचा बिल्ला ठोकून तयार होता.

खोली वर्कशॉपवर आहे. लोखंडी पलंग, एक टेबल, आणि एक खिडकी जी बाहेर उघडतच नाही, आत हॉलमध्ये उघडते. खिडकी उघडली की इंजिन. फोरमन ओशाळून म्हणाले, उजेड जरा कमी येतो. मी म्हटलं, मला चालेल.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

चार दिवसांत रुळले. येत्या एक डिसेंबरला, रविवारी, तीस वर्षांनी इंजिन सुरू करायचंय. गावातले लोक येणार आहेत. अकराही जण सुट्टीचा सगळा वेळ इथेच पडलेले असतात. त्यातले सर्वांत उत्साही एक दंतवैद्य आहेत. ते टॉर्च घेऊन सिलिंडरमध्ये डोकावतात आणि सवयीने म्हणतात, आ करा.

आज जेवताना फोरमन रंगात आले. म्हणाले, चार स्ट्रोकचं इंजिन म्हणजे कामचुकार कारकून. एकदा श्वास घेणार, एकदा दाबणार, एकदा काम करणार, एकदा उसासा टाकणार. दोन फेऱ्या मारून काम एकदाच. आपलं दोन स्ट्रोकवालं दर फेरीला काम करतं, श्वास घ्यायलासुद्धा वेगळी सुट्टी मागत नाही. दंतवैद्य म्हणाले, म्हणजे आमची बायको. फोरमन म्हणाले, हे तिच्यासमोर बोला, मग तुमचेच दात कोणीतरी मोजायला घेईल.

खूप हसले मी. किती वर्षांनी अशा माणसांत बसले. वाचनालयात मला इंजिनाबद्दल बोलायला कोणी नव्हतं आणि मी बोललेही नसते. घरी इंजिन हा शब्दच बंद होता. मी चोरून वाचायचे, कादंबरीच्या वेष्टनात इंजिनांची पुस्तकं. जहाजांच्या इंजिनांचे आवाज कानाला लावून भाजी चिरायचे. आई विचारायची काय ऐकतेस, मी सांगायचे गाणी.

दादाबद्दल इथे कोणाला सांगितलेलं नाही. सांगायचं कारणही नाही. माझा मोठा भाऊ असल्याच इंजिनात गेला, बावीस वर्षांपूर्वी. बिल्ला न लावता आत शिरला होता. चौकशीत तसंच नोंदवलंय.

आता हे का लिहिलं कोण जाणे. उद्या पाच नंबरच्या झाकणाचं पॅकिंग बदलायचंय.

रविवार, १० नोव्हेंबर

आज इंजिन पहिल्यांदा हललं. सुरू नाही केलं, नुसतं फिरवलं. फ्लायव्हीलपाशी टर्निंग गिअर असतो, म्हणजे एक छोटी मोटर. ती एवढं मोठं धूड इतक्या हळू फिरवते की डोळ्याला कळत नाही, घड्याळाच्या मोठ्या काट्याकडे बघत बसावं तसं. इंजिन सुरू करण्याआधी अशी एक पूर्ण फेरी द्यायची, तिला आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ बटण बोटाने दाबून धरायचं. बोट उचललं की थांबतं. मध्ये थांबायचं नाही, फेरी पूर्ण झाली तरच तेल सगळीकडे पोचतं. थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून.

फोरमननी बटणाची पेटी माझ्यापुढे धरली. म्हणाले, बाई, मान तुमचा. मी म्हटलं, हात दुखतोय. शेवटी दंतवैद्यांनी दाबलं आणि लहान पोरासारखे आठ मिनिटं तोंड उघडं टाकून उभे राहिले.

मधेच आवाज आला. टक, टक, टक. तीन. मी फोरमनकडे बघितलं. ते म्हणाले, गिअरचा दाता असणार, जुनं ग्रीस घट्ट झालंय.

हो. दाताच असणार.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी साडेनऊला हॉल उघडला. आकड्यावर एक बिल्ला होता.

कोणीतरी विसरलं असेल म्हणून जवळ गेले. नंबर एकेचाळीस. इथे बिल्ले बाराच आहेत.

उलटा करून बघितला. मागे कंपासच्या टोकाने कोरलेला हसरा चेहरा, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. तो दादाने कोरला होता. बिल्ला खराब केला म्हणून बाबांनी त्याला फैलावर घेतलं होतं आणि त्याने म्हटलं होतं, एवढ्या इंजिनात एकाने तरी हसायला नको का.

हा बिल्ला माझ्या शिवणाच्या डब्यात असतो. तळाशी, बटणांच्या खाली, रुमालात बांधून. बावीस वर्षं तिथेच आहे. वर येऊन डबा बघितला. रुमाल होता, गाठ तशीच होती. आत काही नव्हतं.

पुन्हा बांधून ठेवलाय. मीच झोपेत नेला असेन. माणसं झोपेत चालतात. मी याआधी कधी चालले नाही, पण नवी जागा आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज फोरमन माझ्याआधी आले होते. आकड्यावर पुन्हा एकेचाळीस.

सगळं काम थांबलेलं. बाकी दहाही जण एका ओळीत उभे, फोरमन त्यांना मोजत होते. मग साती झाकणं उघडून टॉर्च मारला, एकेकाला आत पाठवलं, हाका मारायला लावल्या. आत कोणी नाही. दंतवैद्य म्हणाले, अहो, कोणीतरी गंमत केलीय. फोरमन त्यांच्यावर असे काही ओरडले की वरच्या जाळीवरची कबुतरं उडाली. म्हणाले, बिल्ल्याची गंमत करणाऱ्याला मी या दारात उभं करणार नाही. हा ज्याचा आहे त्याने काढावा, तोवर इंजिन हलणार नाही, एक तारीख गेली खड्ड्यात.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, माझा आहे. जुन्या नोकरीतला. आठवण म्हणून आणलाय, चुकून अडकवला.

 फोरमननी विचारलं, एकेचाळीस नंबर तुमचा होता?

मी हो म्हटलं. आणि हात वर करून बिल्ला काढला.

तिसऱ्यांदा काढला. हे वाक्य लिहून झालंय, आता खोडत नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

भुतं रात्री येतात म्हणे. इथे रात्री चिटपाखरू नसतं, मी गाढ झोपते. जे काही आहे ते दहा ते पाच, ऑफिसच्या वेळेत. दादासुद्धा पहिल्या पाळीतच होता.

दुपारी शाळेची सहल आली. चाळीस मुलं. पाच नंबरचं झाकण हवेसाठी उघडं ठेवलं होतं, दोरी बांधून. सगळ्या पोरांचा गलका वर गेला तरी एक दोन वेण्यांची मुलगी दोरीपाशी वाकून उभी. शाळेच्या बाईंनी हाक मारली तेव्हा ती पळत आली आणि बाईंना सांगायला लागली, की आतल्या काकांना विचारलं कधी बाहेर येणार, तर ते म्हणाले, झालंच, आलोच.

बाई हसल्या. म्हणाल्या, हिची कल्पनाशक्ती दांडगी आहे.

झालंच, आलोच. जेवायला वाढल्यावर आई पाच वेळा हाक मारायची आणि तो पाच वेळा हेच ओरडायचा. वरण गार व्हायचं. आई म्हणायची, तुझं झालंच कधी होणार आहे देव जाणे.

झाकण मी स्वतः बंद केलं. चारी पकडी आवळल्या. आवळताना आतून काही ऐकू आलं नाही. मी ऐकत होते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. वही माझी आहे, कोण वाचणार.

दादाने बिल्ला लावला होता.

त्या दिवशी इंजिनाच्या पोटाची सफाई झाली आणि बाबा मला म्हणाले, आकडा रिकामा झाला की आज फेरी तू दे. सहा महिने मी याच दिवसाची वाट बघत होते. रात्रभर झोपले नव्हते. एकेक जण बाहेर येत होता, बिल्ला काढत होता. शेवटी एकच राहिला. एकेचाळीस. आणि दादा खांद्यावर टॉवेल टाकून नळाकडे जाताना मी पाहिला. तो नेहमीच विसरायचा बिल्ला काढायला. नेहमी बाबांची बोलणी खायचा. मला वाटलं, त्याची बोलणी वाचवावीत.

नाही. ते नंतर जोडलेलं आहे. मला घाई झाली होती. मला बटण दाबायचं होतं.

मी बिल्ला काढला आणि खिशात टाकला. बाबांना ओरडून सांगितलं, रिकामा. दादाचा टॉर्च आत राहिला होता. तो पलीकडच्या बाजूने परत शिरला. त्याने बिल्ला कशाला पुन्हा लावावा? त्याच्या मते तो आकड्यावरच होता.

चौकशीत विचारलं, आकड्यावर बिल्ला होता का. बाबा म्हणाले, नव्हता. खरंच बोलले ते. माझ्याकडे बघून मला कोणी विचारलंच नाही. बिल्ला माझ्या खिशात होता, मी त्यावर हात ठेवून उभी होते. हलगर्जीपणा, असा शब्द लिहिला त्याच्या नावापुढे. वहिनीने तो शब्द घेऊन बावीस वर्षं काढली. तिच्या मुलीला शाळेत विचारायचे, तुझे बाबा नियम न पाळल्यामुळे गेले ना?

रविवार, २४ नोव्हेंबर

आज पुन्हा फेरी दिली. आकडा रिकामा होता, मी स्वतः बघितलं.

दुसऱ्या मिनिटाला टक टक टक. चौथ्या मिनिटाला पुन्हा. सहाव्याला पुन्हा. या वेळी फोरमननीही ऐकलं. त्यांनी थांबा म्हटलं, दंतवैद्यांनी बोट उचललं, इंजिन जागच्या जागी थांबलं. किती सोपं आहे ते. नुसतं बोट उचलायचं.

आवाज पाच नंबरमधून येत होता. झाकण उघडलं. आत कोणी नव्हतं. पण झाकणाच्या आतल्या बाजूला तेलात चार बोटं उमटलेली. वरून खाली ओढत आणलेली. फोरमन म्हणाले, पॅकिंग बसवताना कोणाचातरी हात लागला असेल. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, बाई, तुमचं कोण होतं?

मी म्हटलं, भाऊ.

 त्यांनी रुमालाने ती बोटं पुसून टाकली आणि रुमाल खिशात न ठेवता तिथेच टाकून गेले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

वहिनीला फोन केला. वर्षभराने. तिने आधी विचारलं, वन्सं, जेवण झालं का?  मी सगळं सांगितलं. बिल्ला, खिसा, चौकशी.  

ती म्हणाली, मला माहीत होतं. तो घरात चपला विसरायचा, डबा विसरायचा, माझा वाढदिवस विसरायचा. बिल्ला लावायला कधी विसरला नसता. काढायला विसरायचा. लावायला नाही. मी एवढी वर्षं वाट बघत होते कोण सांगतंय त्याची.

मी रडत म्हटलं, मला माफ कर.

ती म्हणाली, माझ्याकडे काय मागताय वन्सं? बिल्ला माझा आहे का? ज्याचा आहे त्याला नेऊन द्या.

आणि फोन ठेवताना अगदी साध्या आवाजात म्हणाली, जेवून घ्या.

बुधवार, २७ नोव्हेंबर

वहिनीलाही सगळं सांगितलं नाही. इथे सांगते.

ठोके ऐकू आले होते.

बटण माझ्या बोटाखाली होतं. कॉम्प्रेसर चालू होता, कोणाला काही ऐकू येत नव्हतं, पण मी फ्लायव्हीलला खेटून उभी होते आणि पायाखालच्या लोखंडातून ते माझ्यापर्यंत आले. तीन ठोके म्हणजे थांबा, मी बाहेर येतोय. हे दादानेच मला शिकवलं होतं, घरी, मोरीच्या दारावर चमचा मारून. दुसऱ्या मिनिटाला तीन. चौथ्याला तीन. सहाव्याला फक्त दोन.

मला वाटलं गिअरचा दाता असेल, असं मी बावीस वर्षं स्वतःला सांगतेय. वाटलं नव्हतं. मी तसं ठरवलं. बोट उचललं असतं तर फेरी पुन्हा पहिल्यापासून, आणि बाबांनी बटण दुसऱ्या कोणाला दिलं असतं. माझ्या हाताखाली एवढं मोठं इंजिन हलत होतं, दादा. मी इतकी आनंदात आयुष्यात पुन्हा कधीच नव्हते.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

बिल्ला रोज आकड्यावर. मी काढत नाही. डब्यात परत ठेवतही नाही.

आज अकरा वाजता मी टेबलाशी बसले असताना खिडकीच्या चौकटीवर टक टक टक. खिडकी हॉलमध्ये उघडते. तिच्याखाली जाळी नाही, जिना नाही, तीस फूट खाली जमीन —

बघितलं नाही. पावत्या मोजत बसले. तीच पावती सात वेळा मोजली.

शनिवार, ३० नोव्हेंबर

फोरमन आले होते. खुर्चीवर बसलेच नाहीत. म्हणाले, उद्या दहा वाजता लोक येणार. तुमचा बिल्ला आकड्यावर आहे, काढा. मी म्हटलं, माझा नाही तो. म्हणाले, माहीत आहे, त्या दिवशीही माहीत होतं. तुम्ही हात उचललात तेव्हा मी थांबवायला हवं होतं. पापात मीही आहे. मग म्हणाले, मी उद्या इंजिन सुरू करणार नाही, लोकांना सांगतो बिघाड आहे.

मी नको म्हटलं. उद्यापर्यंत वेळ द्या. सकाळी आकडा रिकामा दिसला तरच फेरी द्या.

त्यांनी विचारलं, रिकामा कसा होणार?

ज्याचा आहे तो काढेल, मी म्हटलं.

जाताना ते दारात थांबले. आत जाणार असलात तर आधी आपला बिल्ला लावा, म्हणाले. मला लहानपणी शाळेत जाताना बाबा छत्री घे म्हणायचे, तसं.

रविवार, १ डिसेंबर. सकाळी नऊ

माझा बारा नंबर आकड्याला लावलाय. दोनदा ओढून बघितला. शेजारी जागा रिकामी, एकेचाळीस काढून हातात घेतलाय, शेवटचा. त्याला द्यायला.

पाच नंबरच्या पोटात बसलेय. उघड्या झाकणातून उजेड येतोय, लिहिण्यापुरता. वही आणलीय कारण तोंडाने बोलता येणार नाही. त्याला वाचून दाखवणार. एकवीस तारखेपासून पुढे.

तेलाचा वास. घरी बाबा आणि दादा आले की यायचा तो. मी दार उघडायचे आणि आधी वास यायचा.

वाचलं. सगळं. सत्तावीसचं दोनदा.

काही झालं नाही.

बिल्ला क्रॅंकवर, फेरीत फिरतो त्या जाड दांड्यावर, ठेवला, हसरी बाजू वर. म्हटलं, दादा, घे. तू लावला होतास. मी सांगेन सगळ्यांना. त्या चौकशीच्या कागदावरचा शब्द खोडायला लावेन. आज फोरमनना सांगते, उद्या —

बिल्ला तिथे नाही.

आत्ता होता.

नऊ चाळीस

झाकण लागलं. आपटलं नाही. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून दार ओढून घेतात तसं, हळू. मग पकडी. एक. दोन. तीन. चार. पकडी बाहेरून असतात.

टॉर्च आहे.

बाहेर कोणीतरी शीळ घालत चाललंय. फ्लायव्हीलकडे. सूर लागत नाही शिळेचा. त्याचा कधी लागायचा नाही —

आकडा वाजला. पितळ लोखंडावर घासतं तसं. बिल्ला काढताना वाजतं. लावताना वेगळं वाजतं, मला माहीत आहे, मी —

कोण काढतंय? बारा माझा आहे. माझा आहे तो!

कॉम्प्रेसर चालू झाला. लोक आलेत. दंतवैद्य हसताहेत. फोरमनचा आवाज — आकडा बघितला का? कोणीतरी ओरडून सांगितलं, रिकामा.

बाई कुठायत, त्यांनी विचारलं. तेवढं ऐकू आलं. उत्तर ऐकू आलं नाही.

पाना नाही. टॉर्चने ठोकतेय. तीन. थांबून तीन.

हललं —

किती हळू. अंगावर येतंय हे कळतच नाही. भिंतीवरची सावली आधी लहान होते.

पुन्हा ठोकले. फोरमन ऐकतील. ऐकलं असेल. दाता म्हणतील — नाही, ते म्हणणार नाहीत, ते चांगले आहेत. मीही चांगलीच होते दादा, सगळे म्हणायचे —

तू माझं काम सोपं केलंस ना. मी विसरले असेन म्हणून काढलास. बोलणी वाचवलीस माझी. पण मी विसरले नव्हते. मी आत आहे.

पाय सरकवायला जागा नाही आता. लिहितेय कारण ओरडले तर —

दादा. आठ मिनिटं असतात. मला होती, मी काही केलं नाही. तुझ्याकडे अजून पाच आहेत. बिल्ला परत लाव. तू लावणार नाहीस, मला माहीत आहे, मी तुझ्या जागी असते तर — मी होतेच की — तरी मागते, दादा, माझा बिल्ला तेवढा परत ला